रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव आपल्याकडे दोन तऱ्हांनी घेतले जाते. शाळेतली कविता आठवली म्हणजे फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून कौतुकाने; लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे वाचून खाली ठेवली म्हणजे किंचित रागाने. एवढ्या गुणी माणसाने बाटावयास नको होते, असे म्हणणारी वडीलधारी माणसे माळव्यातल्या मराठी घरांत मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांचा राग टिळकांच्या ख्रिस्तभक्तीवर नसतो. मनात कोणी कोणाला भजावे याची आपल्या घरांत पूर्वीपासून मोकळीक आहे. पिराला नवस बोलणारी मराठी कुटुंबे इंदूर-देवासात थोडी नाहीत. राग असतो तो पाण्यावर. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी जे पाणी घेतले, त्या पाण्यावर.

मी गाण्याचा मास्तर. वडील दरबारी गवई, त्यामुळे घरात धर्मापेक्षा सुरांचीच चर्चा अधिक. या विषयात पडलो तोही गाण्यामुळेच. महूच्या पुढे, आग्रा रोडवर, घाटाच्या माथ्याशी मानपुर आहे. तेथे दोनतीन घरी मी शिकवणीस जातो. एका चातुर्मासात तेथल्या भजनात माझ्या एका विद्यार्थिनीने टिळकांचा अभंग भीमपलासात म्हटला. मंडळी डोलली, झांजा अचूक पडल्या. मग अभंग कोणाचा म्हणून विचारणा झाली आणि मी नाव सांगितले. यजमानांचे वृद्ध काका थोडा वेळ गप्प राहिले. नंतर त्यांनी एवढेच विचारले की, त्यांना अभंगच गावयाचे होते तर बाप्तिस्मा कशाला घेतला, आणि बाप्तिस्मा घेतला तर मग अभंग कशाला गाइले?

प्रश्नात खोच नव्हती. त्यांना खरोखरच कोडे पडले होते, आणि कोडे लहान नाही. टिळकांचे चरित्र या एका प्रश्नाच्या अंगाने पाहिले तर ते निराळेच दिसू लागते, असे मला वाटते; म्हणून हा लेख.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. चित्पावन घर, वडील सरकारी नोकरीत आणि स्वभावाने जमदग्नी. आई जानकीबाई कवितेची आवड असलेली, देवभोळी. मुलाचा सगळा ओढा आईकडे होता, आणि तीच तो लहान असताना गेली. त्या दिवसापासून या माणसाचे घर असे सुटले की, पुढे तीस वर्षे ते पुन्हा लागले नाही. तो नाशकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकला आणि असा शिकला की, पुढे आयुष्यात त्याची भाकरी बव्हंशी त्या संस्कृतानेच भाजली. इंग्रजी थोडे झाले. लग्न झाले ते जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी. त्याच आपल्या लक्ष्मीबाई. त्या वेळी त्या अकराबारा वर्षांच्या होत्या.

लग्नानंतरची दहाबारा वर्षे म्हणजे निव्वळ वणवण. आज या गावी मास्तर, उद्या त्या गावी कीर्तनकार, परवा कोणाचा लेखनिक. पैसा हाती आला की दुसऱ्या कोणाच्या तरी गरजेला जाई. राग आला की नोकरी सुटे. शेवटी नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास काही काळ स्थिर झाले. तेथे संस्कृत ग्रंथांचे व धार्मिक नियतकालिकाचे काम होते. या काळात टिळकांच्या डोक्यात काय चालले होते हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर पुढचे सारे एका रात्रीचे वेड वाटते. जातिभेद त्यांना असह्य झाला होता. देश खाली गेला याचे कारण धर्माची घडी बिघडली हे, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती, आणि आपणच एक नवा धर्म मांडावा इथपर्यंत विचार गेला होता. म्हणजे मिशनऱ्याची सावलीही पडली नव्हती तेव्हाच हा माणूस घरातून अर्धा बाहेर निघालेला होता.

१८९३च्या सुमारास नागपुराहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असता आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी गाठ पडली. बोलणे निघाले ते संस्कृत काव्यावर. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत हातावर ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून टाकले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. पण पुस्तक घेतले आहे तर वाचले पाहिजे, हा शास्त्र्यांच्या शिष्याचा बाणा. ध्यानात ठेवण्यासारखे येईल तेथे पेन्सिलीने खूण करीत ते वाचू लागले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले तेव्हा खुणा करावयास जागा उरेना. जो नवा धर्म ते स्वतः मांडणार होते, त्याचा गुरू त्यांना तेथे भेटला.

येथपर्यंतची कथा आपल्याही घरांत सहज खपते. साधू भेटावा, ग्रंथ मिळावा, मन पालटावे, हे आपल्या भक्तिविजयात पानोपानी आहे. अडते ते यापुढे. टिळक ख्रिस्ताला गुरू मानून घरी का बसले नाहीत?

याचे उत्तर द्यावयाचे तर बाप्तिस्मा म्हणजे काय हे आधी नीट पाहावे लागते, आणि आपल्या लोकांत याविषयी इतके अज्ञान आहे की, मिशनच्या शाळांतून शिकलेल्यांनाही ते धड सांगता येत नाही. इंदुरात कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ साली आले, त्यांचे ख्रिश्चन कॉलेज १८८७चे. त्या कॉलेजातून आपल्या किती पिढ्या पदवीधर होऊन बाहेर पडल्या! पण शेजारच्या देवळात, मग ते त्यांचे का असेना, काय चालते हे डोकावून पाहण्याची आपल्याला सवय नाही.

बाप्तिस्मा हा शब्द ग्रीक. मूळ अर्थ बुडविणे. यार्देन नदीत योहान नावाचा विरक्त पुरुष लोकांना पश्चात्तापाची बुडी देत असे, आणि स्वतः येशूनेही त्याच्या हातून ती घेतली. पुढे तीच ख्रिस्ती मंडळीत येण्याची खूण झाली. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पाणी घ्यावयाचे. एकदाच, ते पुन्हा होत नाही. पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे व पुरले जाणे, वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर उठणे, असा अर्थ पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात लावला आहे. बाप्टिस्ट मंडळी अजूनही जाणत्या माणसालाच, आणि पुरतेच बुडवितात. रोमन कॅथलिक, जसे आपले वसईचे किंवा गोव्याचे ख्रिस्ती, तान्ह्या मुलालाही देतात आणि या पाण्याने पाप खरोखर धुतले जाते असे मानतात. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनात गेले, ते मुंबईस १८१३पासून काम करणारे काँग्रिगेशनल मताचे लोक. त्यांच्याकडे डोक्यावर पाणी शिंपडले तरी चालते, कारण पाणी ही आतल्या गोष्टीची बाहेरची मोहोर आहे असे त्यांचे मत. एक गंमत अशी की, कॅथलिक शास्त्राप्रमाणे मरणाच्या दारी असलेल्याला, दुसरे कोणी नसेल तर, बाप्तिस्मा न झालेला माणूसही बाप्तिस्मा देऊ शकतो. हेतू शुद्ध हवा, पाणी हवे आणि शब्द बरोबर हवेत. म्हणजे हा केवळ एका जातीने दुसऱ्या जातीत घेण्याचा प्रकार नव्हे.

आपल्याकडे जवळचे असे काही शोधावयाचे तर मुंज आठवते. तीही दुसरा जन्म देते, म्हणूनच द्विज. पण मुंज ज्याच्या त्याच्या कुळातली, सर्वांना न मिळणारी. मला स्वतःला याहून जवळची वाटते ती आमच्या धंद्यातली गंडाबंधनाची चाल. उस्ताद शागिर्दाच्या मनगटाला गंडा बांधतो, गूळ-चणे भरवितो, आणि हे सर्व चार गुणी जनांच्या बैठकीत होते. गंडा बांधल्याने गळ्यात एक सूरही अधिक येत नाही. बारा वर्षे खिडकीबाहेर उभे राहून एखाद्याने सारी विद्या उचलली, तरी तो त्या उस्तादाचा शागीर्द होत नाही. आणि ज्याच्या हाताला कालच गंडा बांधला गेला, तो बेसूर का असेना, शागीर्द झाला. कारण त्याने चारचौघांत सांगितले की, माझा गुरू हा. त्याची अब्रू ती माझी, माझी चूक ती त्याच्या नावावर. उपमा पुरती लागू पडते असे मी म्हणत नाही. गंडा बांधणारा उस्ताद समोर बसलेला असतो. बाप्तिस्म्याचा उस्ताद अदृश्य, आणि पाळक नुसता मध्यस्थ. पण घरी बसून शिष्य का होता येत नाही, याचा उलगडा मला तरी येथे झाला. टिळकांना ख्रिस्ताची विद्या उचलावयाची नव्हती. त्यांना त्याचे व्हावयाचे होते.

आणि त्या काळी मराठी समाजात या चारचौघांत सांगण्याला केवढी किंमत पडे, हे टिळकांना पुरते ठाऊक होते. १८४३ साली मुंबईस नारायण शेषाद्री या तरुणाने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याचा धाकटा भाऊ श्रीपत पाद्र्यांच्या घरी जाऊन राहिला होता. न्यायालयाने मुलाला बापाच्या हवाली केले. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. नुसते परक्या घरचे खाणे झाले होते. तरी त्याला पंक्तीला परत घ्यावे की नाही यावरून केवढे रण माजले, आणि घ्यावे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना काय काय सोसावे लागले! बाबा पद्मनजी १८५४ साली बेळगावास ख्रिस्ती झाले. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात. प्रत्येक वेळी तोच आकांत. पाण्याआधीची कोणतीही पायरी मागे फिरता येण्यासारखी धरली जाई. पाणी पडले की माणूस मेला. घटस्फोट करून सोडावयाचे, नावाने घागर फोडावयाची. मौज अशी की, पौलानेही बाप्तिस्म्याला मरणच म्हटले आहे. आपल्या लोकांनी अर्थ बरोबर ओळखला होता. उठण्याचा भाग तेवढा सोडून दिला.

राजनांदगावास टिळकांचा कल उघड झाला आणि तेथले अन्न तुटले. अमेरिकन मिशनचे ॲबट साहेब यांच्याशी पत्रव्यवहार होऊन टिळक मुंबईस आले. गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. आग्रह धरून तो आपल्याच एका देशी पाळकाच्या, रेव्हरंड तुकारामजी नथोजी यांच्या हातून घेतला. ही गोष्ट चरित्रकार एका ओळीत उरकतात. मला ती फार मोठी वाटते. त्या दिवशी तो आपल्या गुरूची निवड करीत होता, राज्यकर्त्यांची नव्हे, हे त्याला दाखवावयाचे होते. दुसरी तशीच गोष्ट नावाची. बाप्तिस्म्याच्या वेळी योसेफ, शमुवेल अशी नावे घेण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी होता. टिळक नारायणच राहिले. बापाचे वामन हे नावही तसेच राहिले. पुढे पोशाखही देशीच राहिला. धर्म बदलला म्हणजे देश बदलला, हे समीकरण त्यांनी जन्मभर नाकारले. देशभक्तीच्या कविता त्यांनी बाप्तिस्म्यानंतर सोडल्या नाहीत, उलट वाढविल्या.

पण येथे मी टिळकांचा वकील होऊन बोलणार नाही. त्या पाण्याचे खरे मोल दिले ते दुसऱ्याच माणसाने. लक्ष्मीबाई त्या वेळी माहेरच्या माणसांत होत्या, पदरी लहान मुलगा. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्याची बातमी आली आणि त्या वेड्यापिशा झाल्या. जिवाचे काही बरेवाईट करतील म्हणून घरच्यांनी पाळत ठेवली. त्यांना कोणी विचारले नव्हते. टिळकांचा गुरू टिळकांनी निवडला. त्या निवडीने लक्ष्मीबाई मात्र सवाष्ण असून विधवेहून वाईट स्थितीस गेल्या. टिळकांनी पुष्कळ पत्रे लिहिली, समजावले, भेटीस आले; हे सर्व खरे. तरीही ज्या माणसाला देशभरच्या पीडितांची कणव होती, त्याने घरच्या माणसाला या निर्णयात घेतले नाही, ही गोष्ट मला बोचते. त्यांच्या भक्तांनी यावर मायेचे पांघरूण घातले आहे. लक्ष्मीबाईंनी ते घातले नाही. त्यांनी सगळे लिहिले, आणि हसत लिहिले, ही त्यांची थोरवी.

टिळकांच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदविली पाहिजे. १८६६चा एक कायदा असा होता की, ख्रिस्ती झालेल्या माणसाची बायको किंवा नवरा धर्मांतरामुळे त्याला सोडून राहिला, तर कोर्टात जाऊन, ठराविक मुदत पाळून, लग्न मोडून घेता येई. पुन्हा लग्न करण्याची मोकळीक मिळे. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाईंची ती वर्षे बहुतेक पंढरपुरास बहिणीच्या घरी गेली. विठोबाच्या दारात, बाटलेल्या नवऱ्याची बायको म्हणून. साडेचार-पाच वर्षांनी त्या नगरास आल्या तेव्हाही ख्रिस्ती म्हणून आल्या नाहीत. स्वतःची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कडक. आणि टिळकांनी ते सांभाळू दिले. ज्या माणसाने जातिभेदाच्या तिटकाऱ्याने धर्म बदलला, त्याने आपल्याच घरात बायकोचा जातिभेद निमूट पाहावा, हे सोपे नव्हते. रागीट म्हणून प्रसिद्ध असलेल्या टिळकांनी आयुष्यात दाखविलेला सर्वांत मोठा संयम मला तो वाटतो.

मग राहुरीस असताना एके दिवशी लक्ष्मीबाईंना स्वतःशीच विचार करता करता उमगले की, माणसांच्या जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्या. कोणी उपदेश केला नव्हता. त्या उठल्या, आणि ज्यांच्या हातचे पाणी वर्ज्य होते त्यांच्या हातचे पाणी प्याल्या. सोवळे त्या दिवशी संपले. ख्रिस्तावरचा विश्वास त्यानंतर आला, आणि १९०० साली बाप्तिस्मा सर्वांत शेवटी. पाहा, नवऱ्याच्या आयुष्यात जे पाणी पहाड फोडून आले, तेच बायकोच्या आयुष्यात पिकलेल्या फळासारखे हाती आले. दोघांचा बाप्तिस्मा एकच, पण मला विचाराल तर त्याचा अर्थ लक्ष्मीबाईंकडून अधिक चांगला कळतो. आत सर्व होऊन गेल्यावर बाहेर सांगावयाचे ते एवढेच उरले होते.

नगरला टिळक धर्मशिक्षण देत, लिहीत, १९०४ साली पाळक म्हणून त्यांची दीक्षा झाली. नगरच्या मिशनातील ख्रिस्ती बंधू बहुतेक महार-मांग समाजांतून आलेले. चित्पावन टिळक त्यांच्याबरोबर एका मेजावर प्रभुभोजनाला बसत. मुंजीने जे वेगळे केले होते ते या पाण्याने एका ओळीत आणले. टिळकांना हवे होते ते हेच, आणि यातच त्यांना पुढची टोचणी लागली. ज्या मंडळीत ते आले होते तिचे गाणे परके होते.

येथे माझ्या धंद्याचा विषय येतो, म्हणून जरा रेंगाळतो. मिशनच्या देवळांत इंग्रजी भजनांची भाषांतरे मूळच्या विलायती चालींवर म्हटली जात. मराठी शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ एका दिशेला आणि चालीचा ठोका दुसऱ्या दिशेला. दीर्घ अक्षर चिरडावयाचे आणि ऱ्हस्वाला उगाच ओढावयाचे. असे गाणे पाठ होते, पण ओठांवर येत नाही. जात्यावर ते कोणी म्हणणार नाही. नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट टिळकांच्या आधीच पाडली होती. टिळकांनी त्या वाटेचा राजरस्ता केला. मोठ्या अभंगाची घडण अगदी साधी : सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. ती टाळावर आपोआप बसते, रागात बांधली तरी बसते, आणि न बांधता नुसती म्हटली तरी बसते. टिळकांनी त्या साच्यात ख्रिस्ताला आणून बसविले. मराठी ख्रिस्ती उपासनेत आज म्हटली जाणारी कितीतरी पदे त्यांची आहेत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत असत. लोक याला चतुराई समजले. मला ती साधी खरी हकीकत वाटते. ज्याच्या कानात लहानपणापासून अभंग आहे, त्याला आर्त होऊन हाक मारावयाची झाली तर ती अभंगातच निघणार. गुरू बदलला म्हणून गळा बदलत नाही.

मानपुरच्या काकांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग येथे सुटतो. पहिला अर्धा टिळकांनाच पुढे नव्याने छळू लागला.

घरी माणसे येत. बालकवी ठोंबरे हे नगरला टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले; ख्रिस्ती झाले नाहीत, आणि टिळकांच्या मायेत त्यामुळे काही उणे पडले नाही. इतर अनेक जण येत, ख्रिस्ताच्या गोष्टी ऐकत, त्याला मनोमन मानीत, आणि पाण्यापाशी थांबत. कोणाची म्हातारी आई, कोणाची लक्ष्मीबाईसारखी बायको. टिळकांना ती किंमत पुस्तकातून ठाऊक नव्हती. त्यांच्याच घरात ती मोजली गेली होती. १९१२पासून ते ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादक होते, आणि मिशनची शिस्त, पगार, वरिष्ठ-कनिष्ठ यांचा जाच त्यांना वाढता होता. ख्रिस्ती होणे म्हणजे मिशनचे होणे, असे जे लोक समजत त्यांची समजूत चुकीची म्हणावी, तर मिशनचा पगार घेणाऱ्याने ते कोणत्या तोंडाने म्हणावे?

१९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला, आणि साताऱ्यास एक नवी मांडणी जाहीर केली. तिचे नाव देवाचा दरबार. ख्रिस्ताचे शिष्य, बाप्तिस्मा झालेले व न झालेले, असे दोघेही तिच्यात बंधू म्हणून येऊ शकत.

दरबारात वाढलेल्या माणसाला हे नाव वाचून थबकावयास होते. दरबार म्हणजे काय हे मी वडिलांकडून ऐकले आहे. कोणी कोठे बसावयाचे हे आधी ठरलेले. मानकरी, सरदार, मुत्सद्दी, मग दुय्यम, आणि गवई पार खाली, जेथून महाराजांचा चेहरा दिसेल पण त्यांच्याशी बोलता येणार नाही. वडील म्हणत, दरबारात राग निवडावयाचा तो वेळ पाहून नव्हे, धन्याची भिवई पाहून. टिळकांनी हेच नाव उचलले आणि बैठकीचा कायदा काढून टाकला. येथे धनी एकच, आणि त्याच्या खाली सगळे एका सतरंजीवर. पाणी घेतलेला पुढे आणि न घेतलेला दाराशी, असे नाही.

ख्रिस्ती मंडळीत खळबळ उडणे साहजिक होते. ज्यांनी पाण्यासाठी घरदार सोडले, मार खाल्ला, वतने गमावली, त्यांना वाटले असेल, मग आम्ही ते कशासाठी केले? हा प्रश्न हलका नाही, आणि टिळकांचे कौतुक करताना तो झाकू नये. खुद्द बायबलातही दोन्ही सूर आहेत. शिष्य करा आणि त्यांना बाप्तिस्मा द्या, ही आज्ञा येशूच्या तोंडी आहे. आणि त्याच्या शेजारी वधस्तंभावर मरणारा चोर, ज्याला पाण्याचा थेंबही मिळाला नाही, त्यालाच स्वर्गाचे पहिले वचन आहे. पाण्यावाचून विश्वासात मेलेल्याची इच्छाच त्याचा बाप्तिस्मा होय, असे जुने धर्मशास्त्रीही मानीत आले.

टिळकांनी बाप्तिस्मा रद्द केला असे काही टीकाकार म्हणत. ते खरे नाही. स्वतःच्या बाप्तिस्म्याला त्यांनी कधी उणे म्हटले नाही. त्यांनी एवढेच केले की, दारावरचा पहारा उठविला. पूर्वी पाणी होते उंबरठ्यावर. ओलांडले तर आत, नाहीतर बाहेर. आता ते घराच्या आत नेऊन ठेवले. आत या, बसा, गा, त्याला ओळखा. ज्या दिवशी तुमचे तुम्हाला वाटेल त्या दिवशी घ्या. लक्ष्मीबाईंना नगरच्या घरात त्यांनी नेमके असेच राहू दिले होते. देवाच्या दरबाराची घटना त्यांनी साताऱ्यास लिहिली खरी, पण तिचा पहिला प्रयोग १८९९-१९००च्या सुमारास त्यांच्या घरातल्या त्या वेगळ्या चुलीपाशी होऊन गेला होता, असे माझे मत आहे. ते टिळकांना स्वतःला जाणवले होते की नाही याची मला शंका वाटते; मोठ्या माणसांना घरात काय शिकलो ते बहुधा दिसत नाही.

दरबार फार चालला नाही. चालवणाऱ्यालाच दीडएक वर्षाचे आयुष्य उरले होते. टिळकांच्या विचारांनी भारलेले जे. सी. विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने पुढे ख्रिस्त सेवा संघ काढला आणि टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले. पण ती मांडणी निराळी.

१९१९च्या उन्हाळ्यात टिळक आजारी पडून मुंबईस जे. जे. इस्पितळात आले आणि ९ मे रोजी गेले. वय ५७. आपले शरीर पुरू नये, दहन करावे आणि अस्थी नगरास न्याव्यात, अशी त्यांची इच्छा होती. त्या काळच्या ख्रिस्ती रिवाजात हे बसणारे नव्हते, तरी मित्रांनी ती पाळली. ज्या मुंबईत पाणी घेतले तेथेच अग्नी घेतला.

मागे एक अपुरा ग्रंथ राहिला : ख्रिस्तायन. ओवीबद्ध येशूचरित्र, त्याचे दहाअकरा अध्याय टिळकांच्या हातून झाले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्यांना लग्नात अक्षरओळख नव्हती, आणि नवऱ्याच्या बाप्तिस्म्याच्या दुःखात ज्यांच्या तोंडून पहिली कविता निघाली, त्या बाईंनी. येशूची पुढची कथा त्या संसाराच्या धबडग्यात ओवी ओवी जोडीत राहिल्या. १९३६ साली त्या गेल्या तेव्हा अखेरचा अध्याय बाकी होता. तो मुलगा देवदत्त याने पुरा केला, आणि १९३८ साली ग्रंथ छापून निघाला.